बंदराचं आभाळ तांब्यात कसं उतरतं?

संग्रहालयाच्या भिंतीवर किंवा लिलावाच्या यादीत एखाद्या जुन्या बंदराचं चित्र दिसतं. डोलकाठ्यांची गर्दी, धक्क्यावरची लगबग, मागे विरत गेलेले ढग. सगळं हलक्या हाताने जलरंगात रंगवल्यासारखं. खाली पाटी असते: ‘हँड-कलर्ड ॲक्वाटिंट’. इथेच वाचक अडखळतो. ‘ॲक्वा’ म्हणजे पाणी आणि ‘टिंट’ म्हणजे छटा, तर मग हा जलरंगच असणार. मग ‘हाताने रंगवलेलं’ असं वेगळं का सांगावं? आणि हेच चित्र दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयातही कसं?

तर हे जलरंगातलं चित्र नाही. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर घेतलेला हा ठसा आहे. नावातलं ‘ॲक्वा’ हे साधं पाणी नसून ‘ॲक्वा फॉर्टिस’, म्हणजे ‘जालीम पाणी’ आहे. नायट्रिक आम्लाचं हे जुनं लॅटिन नाव. ढग, धुकं, पाण्यावरची सावली हे सगळं त्या आम्लाने तांब्यात खोदलेलं असतं. रंगाचा कुंचला येतो तो अगदी शेवटी. म्हणून अशा चित्राकडे बघताना आधी मनातल्या मनात रंग पुसून टाकावा. उरतं ते खरं ॲक्वाटिंट.

फरशीचे सांधे आणि तांब्याचा पत्रा

रबरी शिक्क्यात उंच भागाला शाई लागते. तांब्याच्या ठशात नेमकं उलटं असतं, शाई खोलगट भागात बसते. नवी फरशी बसवल्यावर सांध्यांत पांढरं सिमेंट भरतात आणि वरचं फडक्याने पुसून काढतात, तसंच. पत्रा पुसला की गुळगुळीत भाग स्वच्छ होतो आणि खाचांमध्ये शाई उरते. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीचे जाड पट्टे ठेवून सगळं दोन रुळांमधून दाबून काढतात. ओला कागद खाचांमध्ये शिरतो आणि शाई उचलून घेतो.

या खाचा पाडायची सोपी रीत म्हणजे एचिंग. पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओरखडायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथे तांबं उघडं पडलं तिथेच आम्ल खातं. जहाजाचे दोर, डोलकाठ्या, धक्क्याच्या दगडांचे सांधे यांसाठी ही रीत उत्तम. पण आभाळ? आभाळाला रेघ नसते. आडव्या-उभ्या रेघांची दाट जाळी विणून छटेचा भास आणता येतो, पण धुकं असं विणायला गेलं की ते चटईसारखं दिसतं.

मग मेण काढून सगळं आभाळच आम्लाला खाऊ घातलं तर? तेही साधत नाही. रुंद, उथळ खड्ड्यात शाई थांबत नाही, पुसताना फडक्यासोबत निघून येते. शाई धरायला तळ खरखरीत हवा. ॲक्वाटिंट म्हणजे हा खरखरीतपणा मोजूनमापून आणण्याची युक्ती.

राळेचा पाऊस

उन्हाळ्याच्या शेवटी सारवलेल्या अंगणात पावसाचे पहिले थेंब पडतात, ते दृश्य आठवा. ओले ठिपके वेगवेगळे, त्यांच्यामध्ये कोरड्या जमिनीची जाळी. पत्र्यावर हेच करायचं असतं, फक्त थेंबांऐवजी राळेची बारीक पूड.

पत्रा आधी खडूची पूड आणि थोडा अमोनिया लावून घासतात. बोटाचा तेलकट डाग राहिला तर पुढे छापात तो तसाच उमटतो. पाणी ओतल्यावर ते थेंब-थेंब न होता सलग पसरलं, की पत्रा साफ झाला समजावं. मग एका बंद पेटीत राळेची पूड उडवतात. जाड कण आधी खाली बसतात. ते बसू दिल्यावरच पत्रा आत सरकवतात, म्हणजे त्यावर फक्त बारीक कण पडतात. साधारण निम्मा पृष्ठभाग झाकला गेला की पुरे. मग पत्रा खालून तापवतात. पांढुरकी दिसणारी राळ वितळून पारदर्शक आणि चकचकीत झाली, त्याच क्षणी आच बंद. दर कण तांब्याला चिकटून एक चिमुकला घुमट होतो आणि त्याखालचं तांबं आम्लापासून वाचतं. कणांमधल्या फटींत आम्ल शिरतं आणि बारीक जाळीदार खाच पाडतं. शाई धरते ती ही जाळी.

फ्रान्समध्ये झां-बातिस्त ल प्रँस याने १७६८च्या सुमारास ही पद्धत वापरात आणली. इंग्लंडमध्ये ती रुजवली पॉल सँडबीने, ‘ॲक्वाटिंट’ हे नावही त्याचंच. १७७५मध्ये त्याने दक्षिण वेल्सच्या १२ दृश्यांचा संच काढला. कोरडी पूड उडवण्याऐवजी सँडबी राळ मद्यार्कात विरघळवून पत्र्यावर ओतायचा. मद्यार्क उडून गेला की आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा राळेला भेगा पडतात. भिंगाखाली या भेगांची नक्षी वेगळी ओळखू येते.

मेहंदीचा हिशेब

हा दाणा, म्हणजे राळेच्या कणांनी आलेला खरखरीतपणा, तर सगळ्या पत्र्यावर सारखाच पडला. मग एक ढग फिका आणि दुसरा गडद कसा होतो? वेळेमुळे. मेहंदी १० मिनिटांत धुतली तर नारिंगी, रात्रभर ठेवली तर गडद तांबडी. एकाच हातावर दोन्ही छटा हव्या असतील तर काही भाग लवकर धुवावा लागेल. पत्र्याचा एखादा भाग ‘लवकर धुवायचा’ म्हणजे त्यावर रोगण लावून आम्लाची वाट बंद करायची.

एका बंदराचं चित्र घेऊ. जे कागदासारखं पांढरं शुभ्र हवं, म्हणजे शिडावर पडलेलं ऊन, लाटेचा फेस, ढगाची कड, त्यावर सुरुवातीलाच रोगण लावतात. पत्र्याची पाठही रोगणाने झाकतात, नाहीतर आम्ल तिकडूनही खाईल. पहिली डुबकी १५ सेकंदांची. बाहेर काढून धुतात, सुकवतात. आभाळाचा सगळ्यात फिका भाग झाला, तो झाकतात. पुन्हा १५ सेकंद, एकूण अर्धा मिनिट. दूरच्या टेकड्या झाल्या, झाकल्या. मग आणखी ३० सेकंद, मग १ मिनिट, २ मिनिटं, ४ मिनिटं, ८ मिनिटं. शेवटी उघडं राहतं ते जवळच्या जहाजाचं काळं अंग आणि धक्क्याखालची सावली, त्यांनी एकूण १६ मिनिटं आम्ल खाल्लेलं असतं. सात डुबक्यांत सात छटा, शिवाय कागदाचा पांढरा.

वेळ दर वेळी दुप्पट करण्याचं कारण डोळ्यांत आहे. १५ आणि ३० सेकंदांमधला फरक डोळ्याला स्पष्ट दिसतो. ८ मिनिटं आणि ८ मिनिटं १५ सेकंद यांतला मुळीच दिसत नाही. वरचे आकडे आजच्या छापखान्यात नायट्रिक आम्लाऐवजी वापरतात त्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणाला लागू पडतात असे आहेत, पण तेही ठोकळ. द्रावण किती तीव्र, किती जुनं, खोली किती गार, यावर ते बदलतात. म्हणून जाणता माणूस आधी त्याच तांब्याच्या एका पट्टीवर सगळ्या वेळा करून बघतो.

एक मेख आहे. या पद्धतीत दर छटेची कड धारदार येते, नकाशातल्या उंचीच्या पट्ट्यांसारखी. क्षितिजाकडे हळूहळू उजळत जाणारं आभाळ मग कसं आणायचं? पत्रा कलता धरून आम्ल हळूहळू वर चढू द्यायचं, किंवा पाण्याने भिजवलेल्या पत्र्यावर आम्लाचा कुंचला फिरवायचा. नंतर गुळगुळीत पोलादी हत्याराने दाणा घोटून कड मऊ करायची. बंदराच्या चित्रात अर्धी जागा आभाळाचीच असते, त्यामुळे कारागिराची परीक्षा तिथेच होते. जहाजं काय, नीट बघून कोणीही रेघेने काढील!

काय बिघडतं आणि का

राळ जास्त तापली तर कण एकमेकांत मिसळतात, फटी बुजतात आणि आम्लाला आत शिरायला जागाच उरत नाही. छापल्यावर आभाळात फिके, दाणाहीन चट्टे येतात. कमी तापली तर कण आम्लात सुटून येतात आणि रुंद उथळ खड्डा तयार होतो. त्याचा छाप राखाडी, मळकट, कडेला मात्र काळी रेघ. आम्लात फार वेळ राहिलं तर आम्ल कणांखालूनही खात जातं, घुमट कोसळतात आणि गडद होण्याऐवजी भाग उलट फिका पडतो.

नायट्रिक आम्ल तांब्यावर बुडबुडे सोडतं. ते पिसाने हलकेच झटकले नाहीत तर दर बुडबुड्याखाली एक पांढरा ठिपका राहतो. जुन्या छापांच्या आभाळात असे ठिपके सापडतात, तेव्हा ते चांदण्या नसतात. या आम्लातून निघणारा तपकिरी धूर फुफ्फुसांना घातक आहे. म्हणून आज बहुतेक ठिकाणी फेरिक क्लोराइड वापरतात. त्यात गाळ साचतो, त्यामुळे पत्रा पालथा किंवा कलता ठेवावा लागतो. राळेची पूडही निरुपद्रवी नाही. हवेत उडालेली पूड ठिणगीने भडकते आणि श्वासात गेली तर दम लागतो. पेटीशी काम करताना तोंडावर मास्क हवाच.

आणखी एक गंमत: छाप नेहमी उलटा येतो. पत्र्यावर दीपगृह डावीकडे काढलं तर कागदावर ते उजवीकडे जाणार. म्हणून रेखाचित्र आधी उलटं करून पत्र्यावर उतरवावं लागतं आणि खालची नावंही आरशात दिसतात तशी कोरावी लागतात.

मग रंग कुठून आला?

त्या काळच्या अनेक इंग्रजी ॲक्वाटिंटांत एकाच पत्र्यावर दोन शाया लावत. आभाळाला निळसर, जमिनीला तपकिरी, दोन्ही कापडाच्या बोंडाने जिथल्या तिथे. छाप सुकला की रंगवणाऱ्यांकडे जाई. त्यांच्यासमोर पक्का केलेला एक नमुना असे आणि त्याबरहुकूम पातळ जलरंगाचे हात देत. छटा आधीच छापलेली असल्यामुळे कुंचल्याने सावली काढायची गरज नव्हती. निळ्याचा एक सपाट हात दिला की खालचा दाणा आपोआप ढग दाखवतो. कागदाला सरसाचा हात दिलेला असावा लागे, नाहीतर रंग टीपकागदावरच्या शाईसारखा फुटतो.

दर रंगाला वेगळा पत्रा करून एकावर एक छापणंही शक्य होतं आणि फ्रान्समध्ये जानिने आणि दब्युकूर या ठसेकारांनी ते देखणं करून दाखवलं. पण ओला कागद दर छपाईला थोडा ताणतो, थोडा आक्रसतो. पत्रे केसभर सरकले तरी डोलकाठीला दोन सावल्या. शेकडो प्रतींच्या धंद्यात कुंचलाच परवडे.

इतकी बंदरं कोणी काढली?

बंदरांच्या ॲक्वाटिंटांचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे इंग्रज चित्रकार विल्यम डॅनियल. १८१३च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरून, लँड्स एंडहून निघाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ब्रिटनचा किनारा फिरायला लागला. सलग नव्हे, तुकड्या-तुकड्यांनी. ‘ग्रेट ब्रिटनभोवतीची सफर’ या नावाने १८१४ ते १८२५ या काळात त्याचे ८ खंड आणि ३०८ ॲक्वाटिंट प्रसिद्ध झाले. मजकूर पहिल्या दोन खंडांत रिचर्ड एटनचा, पुढे डॅनियलचाच. क्लोव्हेली, व्हिटबी, रॅम्सगेट, डोव्हर अशी एकामागून एक बंदरं आणि किनारे त्यात येतात. चित्रं लहान, साधारण १६ बाय २४ सेंटिमीटर. रेखाटनही त्याचं, तांब्यावरचं कामही त्याचंच. चित्रकार एक आणि कोरणारा दुसरा असा त्या काळी रिवाज असताना ही मोठी गोष्ट. त्याचे रंग मुद्दाम दबलेले आहेत, राखाडी, मातकट, फिकट निळे. काहींना ते निस्तेज वाटतात. पण दाणा बघायला शिकायचं असेल तर यांच्यासारखे गुरू नाहीत, कारण रंग मध्ये येत नाही.

हा हात तयार झाला होता भारतात. काका थॉमसबरोबर विल्यम १७८६मध्ये कोलकात्याला पोचला, तेव्हा तो पोरसवदा होता. तिथेच दोघांनी शहराची १२ ॲक्वाटिंट दृश्यं काढली. १७९३मध्ये ते मुंबईत होते आणि जेम्स वेल्स या चित्रकाराने त्यांना आसपासची लेणी दाखवली. हा वेल्स आपल्याला परका नाही. पुण्याला जाऊन सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा तोच.

मुंबईची चित्रंही ॲक्वाटिंटच का?

सगळी नाहीत आणि इथे फार जण फसतात. वेल्सची मुंबईची १२ दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर १८००मध्ये प्रसिद्ध झाली. माझगावच्या टेकडीवरून, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारी मुंबई त्यांत आहे. पण ती रंगवलेली एचिंगं आहेत, म्हणजे तांब्यात रेघ आहे आणि छटेचं काम कुंचल्याकडे आहे.

ॲक्वाटिंटची मुंबई बघायची तर रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याच्या संचाकडे जावं. कंपनीच्या मुंबई फौजेतला हा अधिकारी. पश्चिम भारताच्या दृश्यांचा त्याचा ३६ चित्रांचा संच १८२६ ते १८३० या काळात लंडनमध्ये भागाभागाने निघाला. पुढे ग्रिंडलेज बँक म्हणून ओळखली गेलेली पेढी याच ग्रिंडलेची. या संचात विल्यम वेस्टॉलच्या चित्रावरून केलेलं एक पान आहे: मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा. मृगाच्या तोंडावरचं आभाळ रेघांनी काढून बघा म्हणजे ॲक्वाटिंटची गरज कळेल.

“छापलेलं आहे, म्हणजे नक्कलच ना?”

नाही. नक्कल व्हायला आधी अस्सल लागतं. इथे बहुधा कागदावरचं मूळ रेखाटन म्हणजे आराखडा. पूर्ण झालेलं चित्र फक्त ठशातच आहे. मात्र सगळे ठसे सारखे नसतात. ॲक्वाटिंटचा दाणा उथळ असतो, दर छपाईला दाबून आणि पुसून झिजतो. काही शे प्रतींनंतर फरक दिसतो आणि सगळ्यात आधी जातो तो १५ सेकंदांचा भाग, म्हणजे आभाळच. पहिल्या प्रतींत क्षितिजावर धुकं असतं, नंतरच्यांत कोरा कागद. ती उणीव जाड निळ्या रंगाने लपवता येते. म्हणून बंदराचं आभाळ फार गर्द निळं दिसलं तर शंका घ्यावी.

“बंदर खरंच तसं होतं का?”

अर्धं. इमारती, तट, टेकड्यांची कड यांवर बऱ्यापैकी विसंबता येतं. डॅनियल काका-पुतणे भारतात कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत, म्हणजे भिंगातून कागदावर पडलेली प्रतिमा गिरवत. पण जहाजं कुठे उभी करायची, कोळी कुठे बसवायचे, लाट किती उंच, हे चित्र सजवण्यासाठी ठरे. इतिहासाचा पुरावा म्हणून वापरताना दगडावर भरवसा ठेवावा, पाण्यावर नको.

भिंग घेऊन बघताना

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. आभाळावर धरा. वळवळणाऱ्या काळ्या जाळीत पांढरी बेटं दिसली तर ॲक्वाटिंट. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची फुलं दिसली तर आजच्या ऑफसेट छपाईची प्रत, चौकट कितीही जुनी असो. हाताचा रंग रेघेची कड ओलांडून जरा बाहेर सांडलेला असतो. छापील रंग इतका गाफील नसतो. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो, पण तो कापून टाकलेला असू शकतो आणि नव्या प्रतींवर खोटाही दाबता येतो, तेव्हा त्या एकावर निकाल देऊ नये.

खालच्या पट्टीत बहुधा प्रकाशकाचं नाव आणि तारीख असते. १७३५च्या इंग्रजी कायद्यामुळे ती घालावी लागे, तिच्यावर हक्क ठरत. आता कागद उजेडासमोर धरा. १७९४नंतरच्या इंग्रजी कागदात जलचिन्हासोबत अनेकदा साल असतं. पट्टीवर १८१५ आणि कागदात १८३० असेल, तर पत्रा जुना, छपाई मागाहूनची. किंमत त्याप्रमाणे उतरते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत

असं चित्र घरी असेल तर काचेला टेकू देऊ नका. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट हवी, कारण पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला ओल धरते आणि कागद तिला चिकटतो. मागे साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड लावला तर त्यातलं आम्ल कागदात उतरून तो तपकिरी पडतो. बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, ती आतून गार आणि ओलसर असते. तपकिरी ठिपके दिसले तर पुसायला जाऊ नका. पाण्याचा बोळा फिरवला की २०० वर्षांपूर्वीचा जलरंग सहज निघून येतो.

उजेडाने नीळ आणि पिवळे रंग उडतात. संग्रहालयं अशा कागदांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, दिवाणखान्यातल्या खिडकीजवळ त्याच्या कितीतरी पट असतो. चित्रातलं गवत निळं दिसत असेल तर हिरव्यातला पिवळा आधीच गेला आहे. तांब्यातून आलेली काजळीची शाई मात्र उजेडाला बधत नाही. म्हणून रंग पुरता विटलेल्या छापातही ढग जागच्या जागी सापडतात.